जांभळ्या सोन्याची दृष्ट

आयुष्यभर सोन्याचं काम केलं, असं मी लग्नाच्या पंगतीत सांगितलं की शेजारचा पाव्हणा जिलेबीचं ताट माझ्याकडे सरकवतो. "कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत," असं पुढे म्हटलं की तो पलीकडच्या माणसाशी कांद्याच्या बाजारावर बोलायला लागतो. या धंद्यात मी एवढाच मानसन्मान कमावला.

आता निवृत्त होऊन घोडेगावात घरी बसलोय. या अंकाच्या संपादकांनी फोन करून 'नव्या पिढीला प्रेरणा देणारे अनुभव' मागितले. मी म्हटलं, तो माल आमच्याकडे कधीच नव्हता. ते म्हणाले, मग जे असेल ते द्या. जे आहे ते देतो.

जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी होतो. नाव लिहीत नाही, कारण आजही तिथून पेन्शनच्या कागदांवर सह्या लागतात.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी पूड असते, ती टायटॅनियम नावाच्या धातूचा ऑक्साईड. धातू आणि ऑक्सिजन यांनी एकत्र संसार थाटला की त्याला ऑक्साईड म्हणतात. लोखंडाचा गंज त्याच कुळातला, फक्त त्याला कुणी विचारत नाही. या पांढऱ्या पुडीच्या कणांवर आम्ही सोन्याचे ठिपके बसवायचो. इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचे नाहीत.

ते बसवायचे म्हणजे हाताने नव्हे. सोनं आपलं आपण बसतं, आपण फक्त त्याचा मूड सांभाळायचा. सोन्याला ऑक्साईडवर पसरायला आवडत नाही. अळूच्या पानावर पाणी जसं थेंब होऊन बसतं, तसं ते गोळा होऊन बसतं. पुडीच्या पृष्ठभागावर जागोजागी खोट असते, कुठे ऑक्सिजनचा एखादा अणू गळालेला असतो. सोन्याचा पहिला अणू तिथे टेकतो. एसटीच्या खिडकीतून एकाने सीटवर रुमाल टाकावा आणि मागून त्याचं सगळं गाव येऊन तिथे बसावं, तसे बाकीचे अणू त्याच्याभोवती जमतात. मग हा माल भट्टीत तापवून पक्का करायचा. जास्त तापला, की मोठे ठिपके लहानांना गिळून आणखी मोठे होतात. हे समजायला आमच्या तालुक्यातल्या माणसाला रसायनशास्त्र शिकायची गरज नाही.

ठिपके लहान राहिले तर पूड फिकट जांभळी दिसते आणि हे सोनं कामाला लागतं. लॉकरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या झोपा काढणारं हेच सोनं अशा रूपात धुरातला विषारी वायू पकडून निरुपद्रवी करून सोडतं. ठिपके मोठे झाले तर पूड काळपट निळी होते आणि सोनं पुन्हा आळशी. सगळा खेळ त्या ठिपक्यांना लहान ठेवण्याचा.

आणि त्या खेळात एकच शत्रू, क्लोराईड. मिठातला अर्धा भागीदार तो. आम्हाला सोनं बाजारातून मिळायचं तेच मुळी क्लोराईडच्या रूपात, छोट्या बाटलीतले पिवळे खडे. सोनं पुडीवर बसलं की क्लोराईड धुऊन काढायचं, पुन्हा धुवायचं, हात सोलेपर्यंत धुवायचं. थोडं जरी राहिलं, तर भट्टीत सोन्याच्या पायाला तेल लावल्यासारखं होतं. ठिपके घसरत एकमेकांकडे जातात आणि मोठे होऊन बसतात. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं तर क्लोराईड अजून आहे, नितळ राहिलं तर गेलं.

झालं, एवढंच आमचं शास्त्र. बाकीचं आयुष्य लोकांना तोंड देण्यात गेलं.

सोन्याच्या पहिल्या बाटलीची मागणी केली तेव्हा खरेदी समितीने तालुक्यातल्या सराफांकडून कोटेशन आणायला सांगितलं. हॉलमार्क आहे का, असंही विचारलं. मी म्हटलं, हॉलमार्क आहे, पण तो बघायला जी मशीन लागते ती घेण्यासाठी आधी याच समितीकडे अर्ज करावा लागेल. पुढे आळे गावचा एक खतवाला आला. टोमॅटोवर फवारायचं 'नॅनो चांदीचं' औषध त्याने कुठून तरी आणलं होतं आणि त्यावर आमच्या विभागाचा शिक्का हवा होता. मी तपासलं आणि सांगितलं, यात चांदीचं नखही नाही, सरबताचा रंग आहे. तो जराही ओशाळला नाही. "राव, सरबताचा तर सरबताचा," म्हणाला, "टोमॅटोला कुठं कळतंय?" इतका प्रामाणिक माणूस मला विद्यापीठाच्या बैठकांतही भेटला नाही.

माझ्या जिभेबद्दल कॉलेजात बोललं जायचं. ते मला ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. मी कुणावर ओरडत नसे. बिघडलेला प्रयोग समोर आला की मान हलवून "छान" म्हणायचो, फारच बिघडला असेल तर "उत्तम" नाहीतर "शाब्बास". विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ बरोबर कळायचा. माझं "छान" ऐकून एक मुलगा रसायनशास्त्र सोडून भूगोलाला गेला, आज तो तहसीलदार आहे. म्हणजे नुकसान कुणाचंच झालं नाही.

अशा माणसाकडे वैशाली पीएच.डी. करायला आली.

वैशाली घाटघरची. नाणेघाटाच्या तोंडावरचं गाव. शनिवार-रविवारी शहरातले लोक तिथे ढगात फोटो काढायला जातात आणि उरलेला आठवडा गावकरी त्याच ढगात भात आणि नाचणी पिकवतात. आश्रमशाळेतली पक्की नोकरी सोडून ती आली होती. मी विचारलं, "कायमची नोकरी सोडून सोन्याच्या ठिपक्यांमागे? घरी कुणी शहाणं माणूस नाही का?"

ती म्हणाली, "सर, आमच्याकडं पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद करून चूल पेटवत्यात. सकाळी समद्यांची डोकी जड. आई म्हणते, हवामान. मी पुस्तकात वाचलं, ते हवामान नाय, ते वायू हाय. हे सोनं तो वायू खातं ना?"

"खातं," मी म्हटलं. "छान. ज्या घरात सोनं लग्नातच येतं, तिथे तू ते धुराड्याला लावणार."

 दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी येऊन काचेची भांडी धुवत होती.

आमच्या प्रयोगशाळेत आणखी एक सत्ता होती, हौसाबाई. कागदोपत्री परिचर, प्रत्यक्षात मालकीण. त्यांच्या परवानगीशिवाय तिथला नळही टपकत नसे. त्यांनी वैशालीला पहिल्या आठवड्यातच मुलगी करून टाकलं. तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी त्या खायच्या, आपली चपाती तिला द्यायच्या. मला त्या 'सायेब' म्हणायच्या, आणि त्यात आदर किती नि नाइलाज किती, हे तपासणारी चाचणी अजून निघालेली नाही.

वैशालीचे पहिले नमुने बिघडले ते विजेच्या कृपेने. भट्टी ऐन तापलेली असताना वीज जायची, आली की भट्टी पुन्हा पहिल्यापासून तापायची. संध्याकाळी थांबून काम करावं, तर परिसरात बिबट्या असल्याने दिवसाउजेडी घरी जाण्याची सूचना फलकावर लागलेली. बिबट्या ती सूचना आमच्यापेक्षा काटेकोर पाळायचा. शेवटी आम्ही इन्व्हर्टरची सोय करून घेतली. आता सुरळीत होईल असं वाटलं, आणि तेव्हापासूनच खरं बिघडायला लागलं.

कारण मधेच एक मोठे पाहुणे येऊन गेले. भीमाशंकरचं दर्शन करून परतताना त्यांना आमच्या प्राचार्यांनी 'सोनं तयार करणारी प्रयोगशाळा' दाखवायला आणलं. सोबत पंचवीस-तीस माणसं. नमुना ज्या चिनी मातीच्या वाटीत तापवायचा, त्या वैशालीच्या वाटीत सगळ्यांनी डोकावून पाहिलं. "हे सोनं? पिवळं नाय?" असं विचारून त्यांनी तिच्या खांद्यावरून फोटो काढले आणि चहा पिऊन गेले.

त्यानंतर वैशालीचा प्रत्येक नमुना भट्टीतून काळपट निळा बाहेर यायला लागला. ती धुण्याचं पाणी तपासायची, नितळ. तापमान तपासायची, बरोबर. वाटी माझ्यासमोर ठेवायची आणि मी आत बघून म्हणायचो, "छान. शाईचा कारखाना टाकू आपण." एकदा म्हणालो, "सोनं काळं करायची कला अवगत झाली म्हणजे राजकारणात जायला हरकत नाही." ती ओठ मिटून वाटी उचलायची. एकदा डोळे भरलेले दिसले. मी खिडकीबाहेरच्या शिवनेरीकडे बघत बसलो. शिवनेरी काही नवीन नव्हता.

तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत आली होती. तोवर चांगला नमुना निघून परीक्षकांपुढे गेला नाही, तर नोंदणी जाणार आणि आश्रमशाळेतली जागा तर कधीच भरली गेली होती. बाटलीत पिवळे खडे उरले होते ते जेमतेम एका खेपेपुरते. नवी बाटली मागवली असती, पण खरेदी समितीच्या पुढच्या बैठकीआधी कदाचित शिवनेरीची जागा बदलली असती.

शेवटची खेप वाया घालवण्याआधी बिघडलेला एक नमुना आम्ही पुण्याला मोठ्या मशीनवर तपासायला पाठवला. तिथल्या माणसाचा फोन आला. हसत होता. "सर, तुमच्या नमुन्यात सोनं आहे, टायटॅनियम आहे आणि मीठ आहे. जेवणातलं मीठ. डबा खाता खाता काम करता का?"

मी फोन ठेवला आणि वैशालीकडे पाहिलं. माझ्या जिभेवर काय होतं ते लिहीत नाही. पण तिने माझ्याआधीच भट्टीचा मेन स्विच बंद करून दार उघडलं होतं. आमची भट्टी म्हणजे लहान फ्रीजएवढी पेटी, आत विटांची पोकळी. ती टॉर्च घेऊन आत बघत होती. मग चिमट्याने कोपऱ्यातून काहीतरी काढून तिने कागदावर ठेवलं. काळा, फुटलेला, टाचणीच्या डोक्याएवढा गोळा.

"विटेचा तुकडा असेल," मी म्हटलं.

"सर, ही मोहरी हाय."

"मोहरी?"

"जळकी मोहरी. सर, कुणीतरी आपल्या भट्टीची दृष्ट काढलीय."

आणि मला एकदम आठवलं, की बरेच दिवस विभागात दुपारी फोडणीचा वास यायचा. मी त्याबद्दल कॅन्टीनवाल्याला दोनदा झापलं होतं. तो बिचारा शपथेवर सांगत होता की त्याच्याकडे दुपारी फक्त वडापाव असतो.

हौसाबाईंना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या.

"काढली की," त्या म्हणाल्या. लपवायचा प्रश्नच नव्हता. "त्या दिशी येवढी मानसं आली, समद्यांनी सोन्याला डोळं लावलं. आदीच लायटीपायी पोरीच्या हाताला येश न्हवतं. म्हून ती वाटी आत ठिऊन वाचनालयात गेली, की मी मीठ-मोहरी ववाळून टाकायचे आत. इस्तवात टाकावं लागतं, आन् आपल्याकडं इस्तू कुठंय दुसरा? मिरची न्हाई टाकली. तुमाला ठसका लागंल म्हून."

म्हणजे माझ्या घशाची काळजी घेऊन त्यांनी सोन्याचा गळा दाबला होता. नमुना बिघडला की नजर लागली म्हणून मीठ, आणि मीठ पडलं म्हणून पुढचा नमुना बिघडायचा. तापलेल्या विटेवर मिठाचे खडे तडतडून फुटायचे आणि त्याची धूळ वैशालीच्या वाटीत. जितका नमुना वाईट, तितकी पुढच्या वेळी मूठ मोठी. एवढं नियमित काम आमच्या विभागात दुसऱ्या कुणी केलं नाही.

मी तोंड उघडलं, पण वैशाली मधे पडली. "मावशी, तुमचं मीठ सोन्याला बाधतंय," एवढंच ती म्हणाली आणि भट्टी साफ करायला बसली. विटा खरवडल्या, पुसल्या, रिकामी भट्टी लालबुंद होईस्तोवर तापवून थंड केली, पुन्हा तापवली. आत कोरी वाटी ठेवून काढली, तिच्यात पाणी घातलं, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पाणी नितळ राहिलं.

शेवटच्या खेपेच्या दिवशी हौसाबाई भट्टीच्या दारात उभ्या. "दृष्ट काढल्याबिगर म्या वाटी आत जाऊ द्यायची न्हाई."

मी म्हटलं, "हौसाबाई, ही विज्ञानाची प्रयोगशाळा आहे. इथे एक तर मी राहीन, नाहीतर तुमचं मीठ."

"मंग तुमी बाहीर बसा," हौसाबाई म्हणाल्या.

वैशालीने तोडगा काढला. ओवाळायचं वाटीवरून, पण टाकायचं मागच्या पडवीतल्या चहाच्या कोळशाच्या शेगडीत. मी तत्त्वाचा मुद्दा काढला. तिने शांतपणे विचारलं, "सर, मीठ बाहेर जळलं तर सोन्याला काय फरक पडतो?" हौसाबाईंनी मूठ वाटीवरून ओवाळली, पडवीत जाऊन शेगडीत टाकली, हात धुतले, साबणाने धुतले, आणि मला म्हणाल्या, "सायेब, तुमी खरंच बाहीर बसा. भट्टीकडं फिरकू नका आज." मला वाटलं, रागावून बोलतायत. बसलो स्टाफरूममध्ये. चहा आला तो प्यायलो. वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायला घेतलं, एक शब्द सुचला नाही. त्या वाटीत माझंही काही पणाला लागलंय, हे तेव्हा जाणवलं आणि त्याचा रागही आला.

दुपार कलली तेव्हा वैशाली वाटी घेऊन आली. टेबलावर ठेवली. मी आत पाहिलं.

जांभळं. ओल्या जांभळाचं नव्हे, त्याचा डाग रुमालावर पडून दोनदा धुतला की राहतो तसं फिकट, एकसारखं. आयुष्यभर मी पुस्तकांत, लोकांच्या परिषदांत आणि क्वचित माझ्या स्वतःच्या वाटीत हा रंग पाहिला होता. असा स्वच्छ पाहिला नव्हता. तोंडातून जो शब्द निघायचा तोच निघाला.

"छान," मी म्हटलं.

वैशालीचा चेहरा उतरला. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "सर, आता कुठं चुकलं?"

तो रंग तिने स्वतः पाहिला होता, तिला कळत होता. तरी तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मी दुसरा शब्द शोधायला लागलो. उत्तम, सुंदर, शाब्बास. एकेक आठवला आणि प्रत्येक शब्द मी कुठल्या बिघडलेल्या नमुन्यावर उधळला होता तेही आठवलं. कौतुकाचं एकही नाणं माझ्याकडे खरं उरलं नव्हतं.

"सायेब," दारातून हौसाबाई म्हणाल्या, "एकदा तरी सरळ बोला की वो."

"वैशाली," मी म्हटलं, "सोनं झालंय. जसं व्हायला हवं तसं झालंय."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हौसाबाईंकडे वळली. "मावशी, सर खरं बोलतायत का?"

"खरं हाय," हौसाबाई म्हणाल्या. "डोळं बग त्येंचं."

पुढे तिला पदवी मिळाली. बिघडलेले सगळे नमुने फुकट गेले नाहीत. मिठाने सोन्याचे ठिपके कसे वाढतात, यावर तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि परीक्षकांना तेच सर्वांत आवडलं. क्लोराईड आत सोडण्याची ही पद्धत कुणी सुचवली, असं त्यांनी विचारलं. "स्थानिक तज्ज्ञांनी," ती म्हणाली. सत्काराला प्राचार्यांनी आपल्या दूरदृष्टीचा उल्लेख केला. आज डॉक्टर वैशाली आळेफाट्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी आली तर उपास. घाटघरच्या चुलीपर्यंत ते सोनं अजून पोचलेलं नाही, ती मात्र सुट्टीत तिथे घराघरांत फिरून खिडकी उघडी ठेवायला सांगते. आम्ही या तालुक्यात एवढ्या विद्वानाचा असाच उपयोग करून घेतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी हौसाबाई माझ्या टेबलाजवळ आल्या. उजवी मूठ मिटलेली.

"सायेब, उटा. उगवतीकडं तोंड करून हुबं र्‍हावा."

"का?"

"तुमचीबी काढते. खरं तर तुमचीच काढायची व्हती." त्या अगदी साधेपणाने बोलत होत्या, रागाचा मागमूस नव्हता. "ती पाव्हणी मानसं एक डाव आली नि गेली. त्येंची नजर कितीक दिस टिकंल? तुमी रोज त्या वाटीत बगायचा आन् छान म्हनायचा. तुमी छान म्हनलं, की पोर त्या दिशी जेवत नसं. म्हून आज तुमाला बाहीर बसिवलं."

माझ्याकडे या गोष्टीवर बोलण्यासारखं बरंच होतं. ठिपके, क्लोराईड, पुण्याच्या मशीनचा पुरावा. मी उठलो आणि उगवतीकडे तोंड करून उभा राहिलो. हौसाबाईंनी मूठ डोक्यापासून पायापर्यंत ओवाळली, काहीतरी पुटपुटल्या आणि पडवीत गेल्या. वैशाली वाटीवर झाकण धरून उभी होती.

मीठ शेगडीत पडलं आणि जे तडतडायला लागलं, ते थांबेचना. नजर जितकी वाईट तितकं मीठ जास्त तडतडतं, असं म्हणतात. मिठाच्या खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो, दुसरं काही नाही, असं मी आयुष्यभर वर्गात शिकवत आलो.

त्या दिवशी ते मी कुणाला सांगितलं नाही. तडतड थांबेपर्यंत तसाच उभा राहिलो.